दगड नवे, काशी जुनीच!

काशीविषयी चर्चा निघाली की, एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. आज दिसणारी काशी फार तर अडीच-तीनशे वर्षांची आहे. घाट मराठ्यांनी बांधले, विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाईंनी उभारले, गंगाकाठचे वाडे संस्थानिकांचे. मग ज्या प्राचीनतेचा एवढा डांगोरा पिटला जातो, ती आहे तरी कुठे? विद्यापीठांच्या चर्चासत्रांतून निघालेला हा प्रश्न वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून झिरपत सामान्य वाचकापर्यंत येतो आणि तेथे त्याचा सिद्धांत होतो. काशीचे प्राचीनत्व ही इंग्रजी अमदानीत रचलेली एक सुंदर कल्पना आहे, असा तो सिद्धांत.

या युक्तिवादाचा पूर्वार्ध खरा आहे. काशीतील बहुतेक उभ्या वास्तू अठराव्या शतकाच्या मागे जात नाहीत, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. खोटा आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष. परंतु त्याला उत्तर देताना अभिमानी हिंदू तरी काय करतो? १८९६ साली काशीस आलेल्या मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकाचे एक वाक्य फडकावतो आणि वाद जिंकल्याच्या आनंदात घरी जातो. ज्या नगरीच्या पंडितांनी शतकानुशतके भारतभरच्या वादांचे निर्णय दिले, तिच्या वयाचा दाखला परक्या प्रवाशाच्या खिशातून काढावा लागावा, ही अभिमानाची नव्हे, आळसाची खूण आहे. काशीजवळ स्वतःचे पुरावे आहेत. ते मातीत आहेत, ताम्रपटांत आहेत, ग्रंथांत आहेत आणि त्याहून अधिक लोकांच्या आचरणात आहेत.

गंगेचे वळण आणि राजघाटचे पठार

हिमालयातून निघालेली गंगा पूर्वेकडे समुद्राच्या ओढीने जाते. पण काशीपाशी ती वळते आणि काही अंतर उत्तरेकडे वाहते. या उत्तरवाहिनीचे माहात्म्य पुराणांनी गायिले. पण श्रद्धेच्या जोडीला येथे भूगोलही उभा आहे. पश्चिमेचा तीर उंच असून कंकरमिश्रित घट्ट मातीचा आहे. नदीने तो सहजी खचत नाही. समोरचा पूर्व तीर सखल, वाळूचा. पुराचे पाणी तिकडे पसरते. म्हणून नगरी एकाच तीरावर वसली आणि समोरचा तीर मोकळा राहिला. घाटावर अर्घ्य देणाऱ्याला सूर्य थेट गंगेपलीकडून उगवताना दिसतो, तो या रचनेमुळे.

या तीराच्या उत्तर टोकाला, जेथे वरुणा गंगेला मिळते, तेथे राजघाटचे पठार आहे. एका बाजूस गंगा, दुसऱ्या बाजूस वरुणा, वर पुरापासून सुरक्षित जागा आणि खाली नावांना आसरा. प्राचीन नगर वसविणाऱ्याला याहून उत्तम स्थळ शोधून सापडले नसते. १९३९-४० साली काशी रेल्वेस्थानकाच्या कामासाठी येथे माती खणली जात असता प्राचीन अवशेष वर आले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या वतीने कृष्ण देव यांनी आणि १९५७ नंतर काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वतीने अवध किशोर नारायण यांनी शास्त्रीय उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे ८०० वर्षांपासूनची वस्ती तेथे सिद्ध झाली. मातीचा प्रचंड तट, काळी चकचकीत खापरे, मुद्रा, घरे असे थरावर थर मिळाले. सारनाथच्या वाटेवरील अकथा येथे विदुला जयस्वाल यांनी केलेल्या उत्खननाने तर या परिसरातील वस्तीचा आरंभ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात नेला.

म्हणजे काशीचे मूळ नगर आजच्या दशाश्वमेध-मणिकर्णिकेच्या परिसरात नव्हे, तर वरुणेच्या मुखाशी होते. वरुणा आणि असी या दोन नद्यांमधील ती वाराणसी, अशी व्युत्पत्ती सर्वतोमुखी आहे. परंतु नगराचे नाव मुळात वरुणेवरूनच पडले असावे आणि वस्ती दक्षिणेकडे सरकल्यावर असीला त्यात स्थान मिळाले असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. नगर सरकले, वाढले, नाव मात्र टिकले. जिवंत नगरीचे हेच लक्षण असते.

एका मताची मिरासदारी नव्हे

काशीवर दुसरा आक्षेप असा की, ती केवळ कर्मकांडाची, एका वर्णाच्या वर्चस्वाची नगरी. आक्षेप घेणाऱ्यांनी काशीचे जुने उल्लेख एकदा उघडून पाहावेत. अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेत काशीच्या लोकांचा उल्लेख येतो तो गौरवाने नव्हे; ज्वराने आपल्याला सोडून त्यांच्याकडे जावे, अशी तेथे प्रार्थना आहे. शतपथ ब्राह्मणात काशीचा राजा धृतराष्ट्र याचा अश्वमेधाचा घोडा शतानीक सात्राजित हरण करतो. वैदिक यज्ञसंस्थेच्या केंद्राला काशी प्रारंभी दूरची, काहीशी परकी वाटत होती, असाच याचा अर्थ. आणि त्याच काशीचा राजा अजातशत्रू बृहदारण्यक उपनिषदात ब्रह्मज्ञानाच्या गर्वाने आलेल्या गार्ग्य बालाकीला शिष्य करून घेतो. क्षत्रिय राजा गुरुस्थानी आणि ब्राह्मण शिष्यस्थानी! काशीच्या ज्ञानपरंपरेचा पहिला मोठा प्रसंग असा आहे.

पुढे बौद्ध ग्रंथांतील सोळा महाजनपदांत काशी येते. जातककथांत वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त पुनःपुन्हा भेटतो. काशीचे तलम वस्त्र श्रीमंतीची उपमा होऊन बसते. ज्ञानप्राप्तीनंतर भगवान बुद्धांनी पहिला उपदेश केला तो या नगरीच्या वेशीवर, ऋषिपत्तनात, म्हणजेच आजच्या सारनाथला. तेथे सापडलेला अशोकाचा सिंहशीर्ष स्वतंत्र भारताची राजमुद्रा झाला. तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांची जन्मभूमी हीच. सुश्रुतसंहितेची मांडणीच मुळी काशीराज दिवोदास धन्वंतरीने शिष्यांना दिलेल्या उपदेशाची आहे. काशीला केवळ मरणाची नगरी म्हणून रंगविणाऱ्यांनी, शस्त्रक्रियेचे शास्त्र कोणत्या नगरीच्या नावाने सांगितले गेले, याचाही कधी विचार करावा.

बाराव्या शतकात गाहडवाल सम्राट गोविंदचंद्र येथून राज्य करीत होता. त्याचा मंत्री लक्ष्मीधर याने 'कृत्यकल्पतरू' हा धर्मशास्त्राचा महाग्रंथ रचला आणि त्यात काशीतील तीर्थांची सविस्तर नोंद केली. त्याच गोविंदचंद्राची राणी कुमारदेवी बौद्ध होती आणि तिने सारनाथला विहार बांधल्याचा तिचा शिलालेख उपलब्ध आहे. राजवाडा एक, उपासना दोन, कलह नाही. उत्तरकाळात याच नगरीत कबीर विणकाम करीत दांभिकांवर कोरडे ओढत होता, रविदास चामड्याचे काम करीत भक्ती शिकवीत होते आणि तुलसीदास रामकथा लोकभाषेत सांगत होते. त्यांना त्रास झाला नाही असे नाही. पंडितांचा विरोध झालाच. पण ज्या नगरीने त्यांना विरोध केला तिनेच त्यांना सामावूनही घेतले. केवळ कर्मठांच्या मिरासदारीतून असा वारसा निपजत नाही.

पाडले कोणी, हे का सांगत नाहीत?

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. राजघाटच्या उत्खननात गुप्तकाळातील मुद्रांवर 'अविमुक्तेश्वर' हे नाव आढळले. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगने येथील शिवमंदिरांची नोंद केली. १८९२ साली वरुणासंगमाजवळ कमौली येथे गाहडवालांचे वीसहून अधिक ताम्रपट सापडले. गाहडवालांच्या दानपत्रांत आदिकेशवापाशी गंगास्नान करून दान दिल्याचे उल्लेख आहेत आणि ते आदिकेशव आजही वरुणेच्या संगमावर पूजेत आहे. इतके असताना प्राचीन मंदिरे उभी का नाहीत?

११९४ साली चंदावरच्या रणात जयचंद्र पडला आणि घोरीच्या सैन्याने काशी लुटली. त्यानंतरच्या शतकांत मंदिरे उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. अकबराच्या कारकिर्दीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विश्वेश्वराचे भव्य मंदिर नव्याने बांधले गेले. त्या काळी बादशाही धोरण सहिष्णू होते, हे प्रांजळपणे नोंदविलेच पाहिजे. पण १६३२ साली शाहजहानच्या आज्ञेने बनारस इलाख्यातील ७६ मंदिरे पाडल्याची नोंद 'बादशाहनाम्या'त आहे आणि १६६९ साली औरंगजेबाच्या आज्ञेने विश्वनाथाचे मंदिर पाडल्याची नोंद साकी मुस्तैद खानाच्या 'मआसिर-इ-आलमगिरी'त आहे. या नोंदी कोणा हिंदू प्रचारकाच्या नव्हेत, त्या दरबारच्याच इतिहासांतील आहेत. न्यायालयाच्या आदेशाने २०२३ साली पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ज्ञानवापी परिसराची पाहणी केली. सध्याच्या वास्तूपूर्वी तेथे मोठे हिंदू मंदिर होते, असा निष्कर्ष त्या अहवालात आहे. तो जानेवारी २०२४ मध्ये पक्षकारांना मिळाला. मशिदीच्या व्यवस्थापनाला तो मान्य नाही. कायद्याचा निवाडा न्यायालय देईल. इतिहासाच्या नोंदी मात्र निवाड्यासाठी थांबलेल्या नाहीत.

घर जाळणाऱ्याचे नाव घ्यायचे टाळायचे आणि घरमालकाला मात्र 'तुझे घर नवे कसे?' म्हणून विचारायचे, हा कुठला न्याय? येथे आजच्या कोणा शेजाऱ्याला आरोपी करण्याचा प्रश्न नाही. काशीच्या रेशमाचा धागा आज बव्हंशी मुसलमान विणकरांच्या हातून विणला जातो आणि पंचगंगेजवळच्या बालाजी मंदिरात सनईचा रियाझ करणारे बिस्मिल्ला खाँ हे काशीचेच लेणे होते. प्रश्न आहे तो पदरी विद्वत्ता असूनही कारण लपवून परिणाम तेवढा दाखविणाऱ्या लेखणीचा.

नारायण भट्टांचे उत्तर

काशीचे वय कशावरून मोजावे, याचे उत्तर एका मराठी कुळातील विद्वानाने सोळाव्या शतकातच देऊन ठेवले आहे. पैठणहून काशीस जाऊन राहिलेल्या रामेश्वर भट्टांचे पुत्र नारायण भट्ट यांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांवर 'त्रिस्थळीसेतू' हा ग्रंथ लिहिला. विश्वेश्वराच्या पुनर्निर्माणाशी परंपरा त्यांचेच नाव जोडते. त्या ग्रंथात त्यांनी एक विलक्षण व्यवस्था दिली आहे. काळाच्या फेऱ्याने मूळ लिंग हलविले गेले आणि त्या जागी दुसरे स्थापिले गेले, तरी जे असेल त्याचीच पूजा करावी. परकी सत्तेच्या जुलुमाने तेथे लिंगच उरले नाही, तरी त्या स्थानाला प्रदक्षिणा आणि नमस्कार करावा, ही ती व्यवस्था. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'त तिची दखल घेतली आहे.

ही व्यवस्था लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय असेल, याची कल्पना करावी. मंदिर पडणार नाही, असे खोटे आश्वासन त्यात नाही. पडले तर यात्रा थांबणार नाही, एवढीच ग्वाही आहे. ग्रंथ लिहून शतकही उलटले नाही तोच मंदिर पडले; यात्रा मात्र थांबली नाही. शंभराहून अधिक वर्षांनी, १७८० साली, अहिल्याबाई होळकरांनी जुन्या जागेच्या शेजारी नवे मंदिर उभे केले. १८२८ साली बायजाबाई शिंद्यांनी ज्ञानवापीच्या विहिरीभोवती खांबांचा मंडप बांधला. महाराजा रणजितसिंहांनी शिखरासाठी सोने दिले. माळव्याची राणी, ग्वाल्हेरची राणी आणि लाहोरचा शीख महाराजा. काशीत यांपैकी एकाचेही राज्य नव्हते. काशीचा प्रदेश मराठी अंमलाखाली यावा म्हणून पेशव्यांनी खटपट केली, ती सफल झाली नाही. १७७५ साली तो ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. ज्या भूमीवर आपली सत्ता नाही, महसूल नाही, तेथे घाटाची पायरी न् पायरी बांधण्यासाठी नागपूरकर भोसल्यांपासून पेशव्यांपर्यंत सर्वांनी खजिने रिकामे केले. ही काशी कोणी नव्याने रचली म्हणायची, की कोणी विसरलीच नव्हती म्हणायची?

महाराष्ट्राचा काशीशी असलेला संबंध केवळ दगडचुन्याचा नाही. संत एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली काशीत पूर्ण केले. नारायण भट्टांच्या घराण्यातच 'निर्णयसिंधू'कार कमलाकर भट्ट आणि 'व्यवहारमयूख'कार नीलकंठ भट्ट झाले. इंग्रजी न्यायालयांनीही मुंबई इलाख्यात ज्याला प्रमाण मानले तो हाच 'मयूख'. त्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. विश्वनाथाचे मंदिर पडून अवघी पाच वर्षे झाली होती! गोदातीरीहून आलेल्या कवींद्राचार्य सरस्वतींनी शाहजहानकडे रदबदली करून काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर उठवून घेतला. १६५७ साली कोकणातील देवरुखे ब्राह्मणांच्या प्रतिष्ठेचा वाद मिटविण्यासाठी पंडितांची सभा बसली ती विश्वनाथाच्या मुक्तिमंडपात. दूर कोकणातला वाद, निर्णय काशीचा. आणि तो निर्णय घेऊन जाणारा कोणी शिपाई-प्यादा नव्हता. अशी सत्ता तोफांनी मिळत नाही आणि तोफांनी जातही नाही.

ही परंपरा इंग्रजी अमदानीतही चालू राहिली. मूळचे महाराष्ट्रातील बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत महाविद्यालयात ज्योतिर्गणित शिकवीत. काशीत जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर 'आज'चे संपादक झाले आणि हिंदी पत्रकारितेला त्यांनी भाषा दिली. काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक असलेले अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९३७ साली काशीचा इतिहास लिहिला. काशीत गेलेला मराठी माणूस तेथे परका राहिला नाही आणि मराठीपणही विसरला नाही.

अभिमानाचा हिशेब

एवढे सांगून झाल्यावर, आक्षेपकांकडे रोखलेले बोट क्षणभर स्वतःकडेही वळविले पाहिजे. काशीची प्राचीनता सिद्ध करणारे राजघाटचे पठार आज यात्रेकरूंच्या कार्यक्रमात आहे काय? १८८७ साली इंग्रजांनी पूल बांधला आणि रेल्वे या पठारावरून नेली, म्हणून त्यांना दोष देता येतो. पण त्यांना जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले, गंगेपासून मंदिरापर्यंतची वाट मोकळी झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकार्पण झालेल्या नमो घाटावरही गर्दी लोटते. त्या गर्दीतील कितीजण हाकेच्या अंतरावरील उत्खनित अवशेषांपर्यंत जातात? अडीच हजारांहून अधिक वर्षांचा पुरावा पायाखाली असताना तो न पाहता परतणारा यात्रेकरू आक्षेपकाला उत्तर काय देणार?

ज्या दोन नद्यांनी नगरीला नाव दिले, असे सारे जग सांगते, त्यांपैकी असीला काशीतील लोक आता 'नाला' म्हणतात आणि वरुणेची अवस्था फारशी वेगळी नाही. गंगा शुद्धीकरणाच्या योजनेचा आरंभ १९८६ साली याच काशीच्या घाटावर झाला. २०१४ पासून 'नमामि गंगे' चालू आहे. काम झाले नाही असे नाही. परंतु उपनद्यांचा गटार करून मुख्य नदी निर्मळ राहील, अशी अपेक्षा धरणे म्हणजे मुळाला विष घालून फळाची वाट पाहणे होय. पंचक्रोशीच्या पंचवीस कोसांच्या यात्रामार्गावर १०८ देवस्थाने आहेत. नगर वाढत असताना त्यांची तळी, धर्मशाळा आणि झाडे राखली जात आहेत का, हे विचारणे कोणाच्या विरोधात नाही. ते नारायण भट्टांच्या बाजूने आहे. स्थान राखा, असेच त्यांनी सांगितले होते.

तेव्हा काशीच्या पुरातनत्वाची पताका खांद्यावर घेणाऱ्यांनी पताकेबरोबर थोडी जबाबदारीही उचलावी. राजघाटचे अवशेष आणि कमौलीचे ताम्रपट सामान्य माणसाला समजतील अशा रीतीने त्याच्यापुढे मांडावेत. महाराष्ट्रातून काशीस जाणाऱ्या प्रत्येक यात्रेच्या कार्यक्रमात वरुणासंगमावरील आदिकेशव आणि राजघाट असावेत. भट्ट घराण्याचे ग्रंथ आणि काशीच्या पंडितसभांची निर्णयपत्रे केवळ परदेशी विद्यापीठांतील अभ्यासकांच्या टिपांत न राहता मराठीत यावीत. हे झाले म्हणजे मार्क ट्वेनच्या प्रमाणपत्राची गरज उरणार नाही.

काशी नवी आहे, असे म्हणणाऱ्याशी भांडण्याचेही कारण उरणार नाही. त्याला पहाटे राजघाटावर न्यावे, थरांवर थर असलेली माती दाखवावी, मग वरुणेच्या संगमावर उभे करावे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी गाहडवाल राजा जेथे ओंजळीत पाणी घेऊन उभा राहिला, तेथेच कोणी अनोळखी म्हातारी त्याच दिशेला तोंड करून उभी असेल. काशीचे वय तिला विचारावे.